मुलांस खेळ शिकवावा कसा?

गेल्या दिवाळीस पुण्याचे आमचे पुतणे सहकुटुंब धाराशिवास आले, तेव्हा त्यांनी आमच्या सात वर्षांच्या नातवासाठी टेनिसची एक रॅकेट व पिवळ्या चेंडूंचा एक डबा आणला. रॅकेट मोठ्या माणसाची, पुरती २७ इंचांची होती. मुलगा ती खांद्यावर टाकून गदाधारी भीमासारखा दोन दिवस वाडाभर हिंडला आणि रात्री उशाशी घेऊन निजला. पुढे महिना लोटला नाही तोच ती रॅकेट माळ्यावर, जुन्या पितळी भांड्यांच्या मागे दडवून ठेवलेली सापडली. ती तेथे कोणी ठेवली हे आम्हांस विचारावे लागले नाही. आणि का ठेवली, हेही थोड्या विचारांती विचारण्याचे कारण उरले नाही. आजचा लेख त्या रॅकेटीसंबंधाने आहे. परंतु खरे सांगावयाचे तर तो आमच्यासंबंधाने, आणि मुलांस काही शिकविण्याची हौस बाळगणाऱ्या घरोघरच्या वडील मंडळींसंबंधाने आहे.

आम्ही जन्मभर शाळामास्तर. टेनिस आम्ही कधी खेळलो नाही. पण जे स्वतःस येत नाही तेही शिकवू पाहणे, हा आमच्या धंद्यातील मंडळींचा जुनाच दोष आहे. आम्ही एक पुस्तक आणविले, त्यावरून टाचण काढले आणि रीतसर पाठ्यक्रम आखला. पहिल्या दिवशी मूठ कशी धरावी. दुसऱ्या दिवशी पाय कसे ठेवावेत. तिसऱ्या दिवशी खांदा कसा वळवावा. आणि चेंडूचे दर्शन चौथ्या दिवशी! चेंडू आल्यावरही आमच्या मुखातून 'मनगट सैल पडले', 'पाय चुकला', 'पुन्हा कर' यांवाचून दुसरा शब्द निघेना. परसातल्या भिंतीवर मुलगा चेंडू मारी. तो उसळून त्याच्या डोक्यावरून जाई. मुलगा धावत जाऊन तो आणी आणि आमच्या मुद्रेकडे पाही. बाराव्या दिवशी खेळाची वेळ झाली आणि त्याचे पोट दुखू लागले. तेराव्या दिवशीही दुखले. त्या संध्याकाळी थोरल्या सूनबाई देवापाशी दिवा लावून आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मामंजी, रागावणार नसाल तर एक सांगते. तो खेळाला भीत नाही. तुम्हांला भितो."

हे वाक्य ऐकून आम्हांस राग आला नाही, कारण याच अर्थाचे दुसरे एक वाक्य आम्ही काही वर्षांपूर्वी ऐकले होते. तुळजापूरच्या बसस्थानकावर एका भल्या गृहस्थाने आम्हांस वाकून नमस्कार केला. आमचाच जुना विद्यार्थी. आता चांगल्या अधिकारावर होता. तो मोठ्या प्रेमाने म्हणाला, "गुरुजी, तुमच्या छडीची कृपा, शब्दरूपे अजून पाठ आहेत. पण शाळा सुटल्यावर संस्कृतचे पुस्तक काही पुन्हा उघडले नाही." तो ते विनोदाने म्हणाला आणि आम्हीही हसलो. परंतु गाडीत बसल्यावर मनात आले की, ज्या भाषेवर आमचा एवढा जीव, तिच्या दारापर्यंत या मुलास आम्ही आणले आणि दार मात्र त्याच्या तोंडावर लावले. रूपे पाठ झाली. कालिदास राहून गेला. आता तेच नातवाच्या बाबतीत घडत होते. मूठ पाठ होत होती आणि खेळ राहून जात होता.

तेव्हा प्रथम आम्ही आमचे टाचण फाडले आणि हा खेळ मुलास जड का जातो, याचा विचार आरंभिला. विचार करू लागता असे दिसले की, दोष मुलाच्या हातात नसून मापात आहे. टेनिसचे पूर्ण मैदान ७८ फूट लांब आणि एकेरी खेळासाठी २७ फूट रुंद असते. जाळे मध्यभागी ३ फूट उंच. पिवळ्या चेंडूची परीक्षा अशी की, तो १०० इंचांवरून कठीण जमिनीवर सोडला तर ५३ इंचांहून अधिक, सुमारे ५८ इंचांपर्यंत उसळला पाहिजे. आता सात वर्षांचे मूल अवघे चार फुटांचे, म्हणजे ४८ इंचांच्या आसपास. जो चेंडू मोठ्या माणसाच्या कमरेशी येतो, तो या बाळाच्या कपाळाशी येतो. आपल्या हातात कोणी हातभर लांब पळी दिली आणि डोक्याएवढ्या उंच चुलीवरच्या भांड्यातले वरण ढवळावयास सांगितले, तर आपले मनगट तरी सरळ राहील काय?

ही गोष्ट जाणत्या लोकांच्या ध्यानात पूर्वीच आली आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ मध्ये एक मोहीम आरंभिली. नवशिक्याने पहिल्याच दिवसापासून चेंडू घालावा, परतवावा आणि गुण मोजावेत, म्हणजे तो खेळात टिकतो, हे तिचे सूत्र. त्यासाठी तीन प्रकारचे मवाळ चेंडू प्रचारात आणले. लाल चेंडू पिवळ्याहून सुमारे ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, आणि हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के. लाल चेंडूचे मैदान ३६ फूट लांब, नारिंगीचे ६० फूट, आणि हिरव्याचे पूर्ण. लाल मैदानाचे जाळेही ठेंगणे, सुमारे ८० सेंटिमीटरांचे. पुढे २०१२ पासून तर दहा वर्षे व त्याखालील मुलांच्या स्पर्धांत पिवळा चेंडू वापरू नये असा नियमच झाला. रॅकेटीही वयाप्रमाणे मिळतात. साधारणतः पाच-सहा वर्षांच्या मुलास २१ इंची, सात-आठ वर्षांच्यास २३ इंची आणि नऊ-दहा वर्षांच्यास २५ इंची रॅकेट योग्य होते. मुलाने सरळ उभे राहून हात खाली सोडला असता रॅकेटीचे टोक जमिनीस टेकून कोपर वाकू लागले, तर ती त्याच्यासाठी लांब आहे असे समजावे. तात्पर्य, मुलास खेळाचा तुकडा देऊ नये. खेळ अखंडच द्यावा, पण तो त्याच्या मापाने बेतून द्यावा.

येथे आमच्या धाकट्या बंधूंनी शंका काढली. ते म्हणाले, "दादा, हा साहेबाचा खेळ. आपल्या घरात याचे काय काम? त्यापेक्षा पोराला दोन स्तोत्रे शिकवा." त्यांस आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की, वॉल्टर विंगफील्ड नावाच्या इंग्रज मेजराने १८७४ मध्ये या खेळाचे पेटंट घेतले, तेव्हा तो जाळे, खुंट, रॅकेटी आणि रबरी चेंडू एका पेटीत घालून विकीत असे. घरापुढच्या हिरवळीवर घरातल्या माणसांनी मांडावयाचा तो खेळ होता. मोठी प्रेक्षागारे मागाहून आली. मूळ पाहू जाता हा अंगणातलाच खेळ ठरतो. आणि चेंडू तरी आपणांस कोठे परका आहे? कुमारसंभवातील पार्वती बालपणी सख्यांसह कंदुक खेळते. दंडीच्या दशकुमारचरितात राजकन्या कंदुकावती भर उत्सवात चेंडूची क्रीडा करून दाखविते.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. पंडिता क्षमाबाई राव हे नाव संस्कृताच्या अभ्यासकांस परिचित आहे. सायणभाष्यासह अथर्ववेदाचे संपादन करणारे शंकर पांडुरंग पंडित यांच्या त्या कन्या. जन्म १८९० चा, पुण्याचा. वडील त्यांच्या लहानपणीच वारले. पुढे त्यांनी संस्कृतात काव्ये व कथा लिहिल्या. त्यांची 'सत्याग्रहगीता' १९३२ मध्ये पॅरिसला छापली गेली. याच क्षमाबाई टेनिसही उत्तम खेळत. त्यांच्या कन्या लीलाबाई १९३४ मध्ये विम्बल्डनला गेल्या आणि तेथे सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. पहिला डाव त्यांनी ४-६ असा गमावला, दुसरा १०-८ असा ओढून घेतला, आणि तिसरा ६-२ असा जिंकला. पुढे लीलाबाईंनी संस्कृतात नाट्यलेखनही केले. एकाच घरात अनुष्टुप् छंद आणि टेनिसची रॅकेट अशी नांदली. बंधूंनी यावर "बरे, चालू द्या" एवढेच म्हटले. मात्र दुसऱ्या दिवशी खुर्ची टाकून ते परसात पाहावयास बसले.

आमच्या परसात तीस फुटांची फरसबंद मोकळी जागा आहे. तेथे दोन खुर्च्यांच्या पाठींस दोरी बांधली आणि तीवर घरातले एक जुने नऊवारी लुगडे आडवे टाकले. हे आमचे जाळे. पुण्याहून लाल चेंडू आणि दोन लहान रॅकेटी मागविल्या. नातवास मात्र बोलाविले नाही. पाच वर्षांची नात आमच्या पाठ्यक्रमात कधी नव्हतीच. ती आपण होऊन येऊन उभी राहिली, आणि तिच्यापासून आरंभ झाला.

प्रथम रॅकेटही नाही आणि चेंडूही नाही, एक फुगा. तो तळहाताने उडवीत राहावयाचा, जमिनीस टेकू द्यावयाचा नाही. फुगा सावकाश येतो, म्हणून त्याच्याखाली जाऊन उभे राहण्यास मुलास सवड मिळते. 'चेंडूकडे लक्ष दे' असे शंभर वेळा ओरडून जे साधत नाही, ते फुगा न बोलता साधतो. मग चेंडू हातांनी फेकणे आणि एक टप्पा पडल्यावर झेलणे. जो टप्प्यावरचा चेंडू झेलतो, त्यास तो कोठे येणार हे कळलेले असते. पुढे रॅकेट हाती घेऊन त्यास तेच करावयाचे असते. त्यानंतर रॅकेट. तीवर चेंडू ठेवून, आरतीचे तबक नेतो तसा तो न सांडता तुळशीवृंदावनास एक फेरी घालणे. मग पोळी उलटावी तसा चेंडू रॅकेटीवर हलकेच उडवून रॅकेटीची बाजू पालटणे. असे खेळता खेळता मनगट आपोआप वळणावर येते. त्यास 'सैल' अथवा 'ताठ' अशी नावे देण्याचे प्रयोजनच पडत नाही.

लुगड्याच्या पलीकडे आम्ही एक जुनी परात ठेवली. चेंडू तीवर आदळला की 'ठण्ण' असा नाद होतो. त्या नादाचे मुलांस किती वेड, हे ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांस सांगावयास नको. चेंडू घालण्याची क्रिया, जिला सर्व्हिस म्हणतात, ती आम्ही चिंचा पाडण्याच्या रीतीने शिकविली. चिंचेवर दगड भिरकाविताना हात डोक्यामागून जसा येतो, तसाच तो येथेही यावयाचा. ही विद्या आमच्या जिल्ह्यातील मुलांस मुळातच अवगत असते.

टिमथी गॅल्वे नावाच्या अमेरिकन शिक्षकाने १९७४ मध्ये टेनिसवर एक पुस्तक लिहिले. त्यातील एक युक्ती आम्हांस फार उपयोगी पडली. चेंडूचा टप्पा पडला की मुलाने मोठ्याने 'टप्पा' म्हणावे आणि रॅकेटीस लागला की 'टोला' म्हणावे. दुसरे काही नाही. हे शब्द वेळेवर म्हणण्यात मन गुंतते, त्यामुळे चुकण्याच्या भीतीस मनात जागा उरत नाही. आणि शब्द वेळेवर आला की हातही वेळेवर येतो. पूर्वी आमच्या परसात 'चुकले' हा शब्द घुमत असे. आता 'टप्पा-टोला' घुमू लागले.

पायांसंबंधाने आम्हांस फारसे काही करावे लागले नाही. ते काम आमच्या गावाने आधीच केले होते. धाराशिव ही खो-खोची भूमी. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे याच गावच्या. २०२० मध्ये त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोत बसलेला गडी चवड्यांवर भार घेऊन असतो, आणि पाठीवर 'खो' पडताच उसळतो. टेनिसमध्येही समोरचा चेंडू मारीत असता त्याच क्षणी चवड्यांवर लहानशी उडी घेऊन सज्ज व्हावे लागते. आम्ही नातीस एवढेच म्हटले, "समोरच्याने टोला मारला म्हणजे तुला 'खो' मिळाला असे समज." तिने ते त्याच दिवशी उचलले. ज्या घरची मुले लगोरी, आट्यापाट्या, खो-खो खेळतात, त्यांस कोणताही नवा खेळ शिकविणे सोपे जाते. म्हणून आमची विनंती अशी की, टेनिसच्या नादाने हे खेळ बंद करू नयेत.

गुण मोजण्यात मात्र आमची फजिती झाली. टेनिसचे गुण पंधरा, तीस, चाळीस असे चालतात. नातीच्या खेळात पंचाचे काम करावयास नातू ओसरीच्या पायरीवर येऊन बसला होता. तो म्हणाला, "आजोबा, पंधरा एके पंधरा, पंधरा दुणे तीस, पंधरा त्रिक पंचेचाळीस. मग चाळीस कसे?" यावर विद्वानांतही एकमत नाही, आणि आमच्यापाशी तर उत्तर नव्हतेच. तेव्हा आम्ही साधे एक, दोन, तीन धरले. शिवाय आरंभी एकाने दुसऱ्यास हरवावयाचे नाही असे ठरविले. दोघांनी मिळून चेंडू किती वेळा लुगड्यापलीकडे नेला, याचा एकच आकडा मोजावयाचा आणि तो उद्या ओलांडावयाचा. हरण्याची गोडी मुलास पुढे आपोआप कळते. ती पहिल्या महिन्यात पाजण्याची घाई नको. चेंडू गटारात गेला तरी खेळ वीस मिनिटांपलीकडे लांबवावयाचा नाही, हाही नियम केला. 'अजून थोडे' असे मुलाने म्हणावे. 'पुरे' असे आपण म्हणावे. पूर्वी आमच्याकडे याच्या उलट चाले. आमच्या भागातील उन्हाळा वाचकांस ठाऊक आहे. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत अथवा दिवस मावळल्यावरच जाळे बांधावे, आणि जवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवावा.

आता नातवाविषयी. तो कित्येक दिवस पायरीवर बसून केवळ आकडे मोजीत असे. त्यास खेळावयास ये असे कोणी म्हणावयाचे नाही, ही सूनबाईंची आज्ञा होती आणि आम्ही ती पाळली. पाळणे सोपे गेले असे मात्र नाही. जिभेवर शब्द येत आणि गिळावे लागत. आकडे संस्कृतात मोजावेत ही कल्पना त्याचीच. एके दिवशी नातीची आई स्वयंपाकघरात गुंतली होती, आणि पलीकडे उभे राहावयास कोणी नव्हते. नात म्हणाली, "दादा, तू ये ना." तो उठला, लहान रॅकेट घेतली, आणि आमच्याकडे न पाहता लुगड्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. आम्ही वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. त्या दिवशी आकडा 'नव' पर्यंत गेला. महिन्याभरात तो 'त्रयोविंशतिः' पर्यंत पोहोचला, तेव्हा आमचे बंधू खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवू लागले.

या मुलांतून कोणी लीलाबाई निघेल असे आम्ही म्हणत नाही. परस तीस फुटांचा आहे आणि खेळ अजून लाल चेंडूचाच आहे. परंतु गेल्या आठवड्यात नातू माळ्यावर चढला, ती मोठी रॅकेट खाली घेऊन आला, तिची धूळ पुसली आणि आमच्यापुढे धरून म्हणाला, "आजोबा, ही मला अजून जड आहे, मोठेपणी घेईन. पण मूठ नीट कशी धरतात ते दाखवा ना." जे आम्ही बारा दिवस त्याच्या कानीकपाळी ओरडत होतो, ते त्याने स्वतः विचारले. रॅकेटीशी हस्तांदोलन करावे तशी ती धरावयाची, एवढे आम्ही सांगितले. दोन मिनिटेही लागली नाहीत.

ते झाल्यावर आम्ही आमच्या जुन्या पेटीतून कालिदास काढून ठेवला आहे. रूपावली मात्र या खेपेस पेटीतच राहिली. पार्वतीच्या कंदुकाची गोष्ट आधी सांगू. रूपे तो विचारील तेव्हा सांगू.